स्थलनामे आणि भौगोलिक माहितीच्या देवघेवीची मानके : एक भाषाशास्त्रीय परीक्षण

भौगोलिक माहितीची देवघेव सुकर व्हावी म्हणून जी मानके रचली गेली, त्यांचा इतिहास अद्याप अल्पवयीन आहे. १९९४ हे वर्ष त्या इतिहासाचा आरंभबिंदू मानण्यास हरकत नाही. त्या एकाच वर्षी पुढे ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या नावाने ओळखली गेलेली संस्था स्थापन झाली. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने भौगोलिक माहितीसाठी २११ क्रमांकाची तांत्रिक समिती नेमली. आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एप्रिल महिन्यात काढलेल्या आदेशाने त्या देशाच्या राष्ट्रीय भूस्थानिक पायाभूत व्यवस्थेला प्रारंभ झाला. २००० साली जीएमएल ही भूगोलवाचक संकेतभाषा प्रसिद्ध झाली आणि २००७ साली तिला आयएसओ १९१३६ या मानकाचे रूप मिळाले. भारतात अशाच राष्ट्रीय व्यवस्थेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २००६ साली मान्यता दिली. या मानकांचे परीक्षण आजवर मुख्यतः अभियंत्यांनी व भूमापनशास्त्रज्ञांनी केले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु नकाशावरील प्रत्येक स्थान दोन प्रकारांनी सांगितले जाते : एक आकड्यांनी व दुसरे नावाने. आकड्यांच्या बाबतीत ही मानके अत्यंत काटेकोर आहेत. नावाच्या बाबतीत ती तशी आहेत काय, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो.

आकड्यांच्या काटेकोरपणाचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. भारताच्या मोजणीसाठी १८३० साली एव्हरेस्टने निश्चित केलेला पृथ्वीचा गोलाभ दीर्घकाळ आधारभूत मानला गेला. उपग्रहाधारित आधुनिक मोजणी डब्ल्यूजीएस ८४ या निराळ्या आधारपद्धतीवर चालते. एकाच विहिरीचे अक्षांश व रेखांश या दोन पद्धतींत भिन्न येतात. एका पद्धतीचे आकडे दुसऱ्या पद्धतीच्या नकाशावर मांडले, तर विहीर जमिनीवर सहज लक्षात येण्याइतकी सरकते. म्हणून आधारपद्धती न सांगता केवळ आकडे देणे हा या शास्त्रात प्रमाद मानला जातो, आणि प्रत्येक आधारपद्धतीस सर्वमान्य असा क्रमांकही दिलेला असतो. डब्ल्यूजीएस ८४ वरील अक्षांश-रेखांशांचा ४३२६ हा क्रमांक त्या व्यवसायातील नवशिक्यासही मुखोद्गत असतो. हीच दक्षता नावास लावून पाहिली म्हणजे मोठी विसंगती दृष्टीस पडते. नावही कोणत्या तरी भाषेत असते, कोणत्या तरी लिपीत असते, आणि ती लिपी त्या भाषेची स्वतःची नसेल तर कोणत्या तरी लिप्यंतरपद्धतीने आलेले असते. या तीन गोष्टी न सांगता दिलेले नाव हे आधारपद्धती न सांगितलेल्या अक्षांशासारखेच होय. परंतु अशी नावे भारतीय नकाशांच्या देवघेवीत सर्रास दिली-घेतली जातात आणि त्यात कोणास प्रमाद वाटत नाही.

याचे मूळ शोधण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. भारतीय नावे रोमन लिपीत लिहिण्याच्या दोन परंपरा त्या काळी एकमेकींशी झगडत होत्या. सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेली पद्धती अक्षरास अक्षर देणारी होती. गिलख्रिस्ट यांची पद्धती इंग्रज कानाला जे ऐकू येई ते इंग्रजी वर्णांनी उतरवणारी होती. विल्यम विल्सन हंटर यांनी १८७१ साली भारतीय विशेषनामांच्या लेखनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात जोन्स यांची परंपरा सौम्य करून घेतली, आणि सरकारनेही तीच स्वीकारली. १८८१ पासून निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरच्या आवृत्त्यांमुळे ही पद्धती सर्वत्र रूढ झाली. जी नावे इंग्रजीत आधीच घट्ट बसली होती, ती मात्र जशीच्या तशी ठेवण्याची तडजोड करण्यात आली. हंटर यांच्या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्या प्रयोजनासाठी ती रचली गेली, ते प्रयोजन तिने उत्तम रीतीने साधले. इंग्रजी वाचणाऱ्या अधिकाऱ्यास गावाचे नाव ओळखू यावे आणि बरेचसे बरोबर उच्चारता यावे, एवढेच तिचे कार्य होते. देवनागरीतून रोमनकडे जाणारा तो एकेरी रस्ता होता. त्याच रस्त्याने कोणी परत येईल, अशी कल्पना त्या काळी कोणी केलेली नव्हती.

आज मात्र नेमके तेच घडत आहे. रोमन लिपीतील यादी हे मूळ धरून त्यावरून यंत्राने देवनागरी नावे तयार केली जातात. हंटरपद्धतीत मूर्धन्य व दंत्य वर्ण एकाच रोमन अक्षराने दाखवले जातात. त्यामुळे ट व त, ठ व थ, ड व द, ढ व ध, ण व न, ळ व ल या जोड्यांतील भेद लोपतो. श व ष यांचेही तेच होते. गॅझेटियरच्या १९०८-०९ च्या आवृत्तीत दीर्घ स्वरांवर आडवी रेघ तरी होती. पुढील नकाशांत व याद्यांत तीही गळाली, आणि अ-आ, इ-ई, उ-ऊ या तीन जोड्यांची भर पडली. अशा दहा जोड्या एकरूप झालेल्या लेखनातून मूळ नाव परत मिळवणे हे व्याकरणाचे काम न राहता अनुमानाचे काम होते.

उदाहरणे दूर शोधावयास नकोत. सातारा जिल्ह्यातील माण तालुका रोमनमध्ये एम-ए-एन या तीन अक्षरांनी लिहिला जातो. या तीन अक्षरांतून मन, मण, मान आणि माण असे चार शब्द निघतात आणि चारही चांगले मराठी शब्द आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल या गावाचे रोमन रूप मूल व मूळ या दोहोंनाही सारखेच लागू पडते. अपत्य आणि मुळी यांतील भेद यंत्राने ओळखावा कसा? रायगड जिल्ह्यातील पेण पुन्हा देवनागरीत येताना पेन होऊन येते, आणि खेडचे वाचन खेद असेही होऊ शकते. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणांतील ळ तर परतीच्या प्रवासात हटकून हरवतो, कारण अशा यंत्रांपुढे नमुना म्हणून बहुधा हिंदी लेखन असते आणि प्रमाण हिंदीत ळ नाही. मराठी वाचकास जलगाँव आणि धुले ही रूपे परक्या पाहुण्यासारखी भासतात. नाव आपलेच आहे हे कळते, पण ते आपल्या घरून आलेले नाही हेही कळते.

जळगावच्या रोमन लेखनातील शेवटचा एन हा स्वतंत्र टिपणीस पात्र आहे. पूर्वी मराठीत गांव असा अनुस्वारयुक्त शब्द लिहीत असत. उच्चारात न उरलेले असे अनुस्वार १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले. देवनागरीतून गेलेले हे अनुनासिक रोमन लेखनात मात्र अजून टिकून आहे. म्हणजे जेथे रोमन रूपाने वर्णभेद राखावयास हवे होते तेथे ते गमावले, आणि जे मराठीनेच टाकून दिले ते मात्र जपून ठेवले. यंत्र त्या एनवरून पुन्हा अनुस्वार अथवा न लिहिते, तेव्हा ते एका अर्थाने भाषेचा इतिहासच उलटा फिरवीत असते.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार एकारान्त नपुंसकलिंगी नावांचा आहे. पुणे, ठाणे, धुळे, अकोले ही नावे जुन्या इंग्रजी लेखनात पूना, ठाणा, धुलिया, अकोला अशी दिसतात. ती अपभ्रष्ट आहेत एवढे म्हणून भागत नाही. त्यांत एक नियमितपणा आहे. मराठीतील एकारान्त नपुंसकलिंगी रूपाला हिंदुस्थानी भाषेत प्रतिरूप नाही, कारण त्या भाषेत नपुंसकलिंगच नाही. तिच्या द्वारे आलेल्या नावाला आकारान्त पुल्लिंगी रूप चिकटावे, हे समजण्यासारखे आहे. विदर्भातील अकोला आणि नगरकडील अकोले यांचे जुने लेखन एकच होण्याचे कारणही हेच दिसते. निजामाच्या राज्यात असलेल्या बीडचे गॅझेटियरमधील रूप भीर असे आहे. त्यातील शेवटचा वर्ण उर्दू लेखनाची आठवण करून देतो. म्हणजे रोमन रूप हे मराठी नावाचे लिप्यंतर नसून कित्येकदा मधल्या एखाद्या भाषेतील रूपाचे लिप्यंतर असते. लिप्यंतरपद्धती कितीही निर्दोष केली, तरी मूळ कोणत्या भाषेतून घेतले हे नोंदलेले नसेल, तर तिचा उपयोग होणार नाही.

गोव्यात तर ही मधली भाषा पोर्तुगीज आहे. सांगे, केपे, काणकोण, डिचोली, म्हापसा या नावांची रोमन रूपे पोर्तुगीज लेखनपद्धतीने बनलेली आहेत. सांगे व केपे यांच्या शेवटी जो एम दिसतो, तो म हा व्यंजन नव्हे; पोर्तुगीज लेखनात तो पूर्वस्वराच्या अनुनासिकाची खूण असतो. केपेच्या आरंभी येणारी क्यू व यू ही अक्षरे मिळून केवळ क सांगतात. हंटरपद्धतीचे गणित डोक्यात असलेल्या यंत्राने अथवा मनुष्याने ही नावे वाचली म्हणजे सांगुएम, क्वेपेम अशी रूपे जन्म घेतात, आणि दूरच्या वाचकास तीच खरी वाटू लागतात. शिवाय गोव्यात कोंकणी देवनागरीत लिहिली जाते तशी रोमनमध्येही लिहिली जाते आणि तिचे रोमन लेखन पोर्तुगीज वळणाचे असले तरी पोर्तुगीज नव्हे. पणजीसाठी पोर्तुगीज, इंग्रजी, रोमन कोंकणी आणि आजचे अधिकृत अशी वेगवेगळी रोमन रूपे आढळतात. ही रूपे केवळ लिपी पाहून वेगळी करता येत नाहीत. येथे लिपीचे नाव सांगून काहीच सांगितल्यासारखे होत नाही. भाषा आणि पद्धती ही दोन्ही सांगावी लागतात.

या दोषांवर उपाय योजले गेले नाहीत असे नाही. स्थलनामांच्या प्रमाणीकरणासाठी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६७ साली जिनीव्हा येथे भरली. १९७२ च्या लंडन येथील परिषदेत भारतीय लिप्यांसाठी एक रोमनीकरणपद्धती शिफारस म्हणून स्वीकारण्यात आली आणि १९७७ साली तीत सुधारणा झाली. पुढे २००१ साली आयएसओ १५९१९ हे मानक आले. या दोन्ही पद्धतींत मूर्धन्य वर्णांखाली बिंदू व दीर्घ स्वरांवर रेघ असल्यामुळे ळ व ल, ण व न यांचे वेगळेपण शाबूत राहते आणि परतीचा मार्ग मोकळा राहतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यांत दोष काढावा असे फारसे काही नाही. पण संयुक्त राष्ट्रांची पद्धती भारताच्या नकाशांत रुजली नाही. व्यवहारात हंटरपद्धतीच चालत राहिली. याचा दोष नकाशाकारांच्या अनास्थेला देण्याची भाषाशास्त्रज्ञांत प्रथा आहे, ती सोडावयास हवी. टंकलेखन यंत्रावर, तारेत आणि साध्या छापखान्यात बिंदू-रेघांना जागा नव्हती. सामान्य वाचकाला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, आजही नाही. जी पद्धती फक्त तज्ज्ञालाच वाचता येते ती सार्वजनिक नकाशाची पद्धती होऊ शकत नाही, हे या विद्येतील मंडळींनी वेळीच ओळखले असते, तर पन्नास वर्षे एका सुंदर पण निरुपयोगी तक्त्याचे समर्थन करण्यात गेली नसती.

खरे पाहता प्रश्न कोणते रोमनीकरण चांगले, हा आता राहिलेलाच नाही. १९९१ पासून युनिकोड या वर्णसंकेतात देवनागरीला स्थान आहे. मूळ नाव मूळ लिपीतच एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाऊ शकते. रोमन रूप हे मूळ न राहता मूळावरून केव्हाही काढता येणारे साधित रूप होऊ शकते. देवघेवीच्या मानकांनी या बदलाची दखल कितपत घेतली, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आयएसओ १९११२ हे मानक २००३ साली प्रथम निघाले आणि २०१९ साली त्याची नवी आवृत्ती आली. आकड्यांऐवजी नावाने अथवा संकेताने स्थान कसे सांगावे, हा त्याचा विषय आहे. त्याच्या दृष्टीने नाव म्हणजे स्थानाला चिकटवलेली चिठ्ठी. स्थानाचा प्रकार, त्याचा विस्तार, त्याचा अंमलदार, त्याहून मोठे स्थान कोणते, पर्यायी नाव कोणते, इतके सारे त्यात आहे. चिठ्ठीवरून एकच स्थान ओळखता यावे, ही त्याची मुख्य चिंता. ही चिंता योग्यच आहे. आपल्याकडील ग्रामनामांनी ती फार पूर्वी ओळखलेली आहे. एका तळेगावाला दाभाडे व दुसऱ्याला ढमढेरे जोडले गेले, आणि शेजारशेजारच्या दोन वडगावांत एक बुद्रुक व एक खुर्द झाले, ते याचसाठी. बुद्रुक हा फारसी बुजुर्ग शब्दाचा मराठी अवतार. हे शब्द महसुली कागदांत बु. व खु. असे आखूड होतात आणि रोमनमध्ये बी-के व के-एच या अक्षरांत शिरतात. मग हा भाग नावाचा घटक की वर्गवारीचे विशेषण, हे मानकाला विचारावे तर मानक मौन राहते. चिठ्ठीला अंतर्गत रचना असू शकते, तिच्यात सामान्यवाचक आणि विशेषवाचक असे घटक असू शकतात, हे भाषिक ज्ञान त्या मांडणीच्या बाहेर राहिले आहे.

जीएमएल या संकेतभाषेत नाव एकाहून अधिक वेळा देता येते आणि ते कोणत्या अधिकृत यादीतील आहे, हेही सांगता येते. परंतु ते नाव कोणत्या भाषेतील आहे हे सांगण्यासाठी त्या मूळ घटकात तयार जागा नाही. २००८ साली पुढे आलेल्या आणि २०१६ साली निश्चित स्वरूप मिळालेल्या जिओजेसनने रेखांश आधी की अक्षांश आधी हा वाद मिटवला, आधारपद्धती एकच ठरवून टाकली, आणि नावाविषयी काहीच न बोलण्याचा सुटसुटीत मार्ग पत्करला. गुणधर्मांच्या पेटीत ज्याने जे घालावे ते घालावे. या मौनाचे समर्थनही करता येते : मानक लहान असले म्हणजे ते पाळले जाते. तरी आकड्यांसाठी एक शिस्त आणि शब्दांसाठी मुक्तद्वार, ही वाटणी निर्हेतुक असली तरी निष्परिणाम नाही.

या पार्श्वभूमीवर युरोपीय संघाच्या इन्स्पायर या योजनेने केलेले काम वेगळे उठून दिसते. २००७ च्या निर्देशानंतर २०१० साली निघालेल्या नियमावलीत स्थलनाम हा स्वतंत्र विषय मानण्यात आला आहे. तेथे नाव ही चिठ्ठी नसून एक भाषिक वस्तू आहे. तिची भाषा, तिचा दर्जा, ती स्थानिकांची की परक्यांची, तिचा उगम, तिचा उच्चार, तिचे लिंग व वचन यांना त्या रचनेत जागा आहे. लेखन एकाहून अधिक असू शकते, आणि प्रत्येक लेखनासोबत लिपी व लिप्यंतरपद्धती सांगता येते. अनेक भाषा व तीन लिप्या नांदवणाऱ्या संघाला हे सुचावे, यात नवल नाही. बावीस भाषांचा घटनेच्या अनुसूचीत समावेश करणाऱ्या देशाला ते आधी सुचावयास हवे होते, इतकेच. वर सांगितलेले गोव्यातील नावांचे कोडे या रचनेत सहज सुटते. पणजी हे एकच स्थान, त्याला दोन-तीन नावे, आणि प्रत्येक नावाला आपापल्या लिपीतील लेखने, अशी ती मांडणी होईल. बेळगावचा प्रश्नही निदान नोंदीपुरता सुटतो. कर्नाटक शासनाने २०१४ साली बेळगावी हे रूप अधिकृत केले. तेथील मराठी भाषक बेळगाव म्हणतात. अधिकृत रूप एक आणि स्थानिक भाषांतील रूपे दोन, हे सत्य या रचनेत कोणालाही न दुखवता लिहिता येते. अधिकृत आणि स्थानिक हे दोन निकष तिने वेगळे ठेवले, हा तिचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल. ऐतिहासिक असा दर्जाही तेथे आहे. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर व धाराशिव आणि २०२४ साली अहिल्यानगर अशी नामांतरे झाल्यावर जुनी नावे निरुपयोगी झाली नाहीत. कागदपत्रांच्या शंभर वर्षांच्या राशी त्याच नावांनी शोधाव्या लागणार आहेत.

तथापि या रचनेची युरोपीय घडण मराठीच्या अंगावर सर्वत्र नीट बसत नाही. लिंगाचा रकाना आहे, वचनाचा आहे. पण सामान्यरूपाचा नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय नावाच्या मूळ रूपाला क्वचितच सरळ लागतो. पुणे हे पुण्यात होते, सातारा साताऱ्याला होतो, सोलापूर सोलापुरात जाताना आपला दीर्घ ऊकार ऱ्हस्व करते, आणि नाशिक नाशकात होते तसेच नाशिकमध्येही राहते. मराठी वृत्तपत्रातील अथवा शासकीय पत्रकातील मजकुरावरून स्थाने ओळखावयाची असतील, तर मजकुरात सापडते ते बहुधा सामान्यरूप, मूळ नाव नव्हे. पूर आला, रस्ता खचला, साथ पसरली, या बातम्यांत गावांची नावे प्रत्यय लागलेलीच येतात. नामकोशात फक्त पुणे आणि सातारा असतील, तर पुण्यात आणि साताऱ्याला ही रूपे यंत्राच्या हातून निसटतील. मराठीपुरते तरी सामान्यरूप हे व्याकरणाचे अलंकरण नसून नामकोशाचा आवश्यक भाग आहे.

लिपीच्या पातळीवरही मराठीला काही निराळे सांगावयाचे आहे. देवनागरी म्हटले म्हणजे लेखन ठरले, अशी समजूत दिसते. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे ग्रामनामातील पूर दीर्घ लिहिला जातो. हिंदीत तो ऱ्हस्व असतो. नागपूर व नागपुर ही दोन्ही देवनागरी आणि दोन्ही आपापल्या भाषेत शुद्ध. भाषेचा संकेत नसेल तर यंत्र यांना दोन गावे समजेल किंवा एक अशुद्ध समजेल. कऱ्हाड हे नाव याहून विलक्षण आहे. त्यातील आडव्या रेघेसारखा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो : नुक्तायुक्त ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, र व नुक्ता वेगवेगळे घेऊन, अथवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमांनी समान मानले जातात, तिसरा मानला जात नाही. कागदावर तिन्ही कऱ्हाड तंतोतंत सारखी. शोधणाऱ्या यंत्राला मात्र त्यांत दोन निरनिराळी गावे दिसतात. डोळ्यांना जो भेद दिसत नाही, त्याची तक्रार तरी कोणी करावी?

जुन्या साधनांचा प्रभाव यात भर घालतो. शेपफाइल हा साठवणुकीचा प्रकार नव्वदीच्या दशकातील असून अजूनही देवघेवीत वारंवार भेटतो. त्याच्या रकान्यांच्या शीर्षकांना दहा अक्षरांची मर्यादा आहे आणि मजकुराची लांबी अक्षरांनी नव्हे तर बाइटांनी मोजली जाते. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. छत्रपती संभाजीनगर या नावात मधली मोकळी जागा धरून सतरा चिन्हे आहेत. त्यांचे एकोणपन्नास बाइट होतात. रोमन नावांसाठी चाळीस हा प्रशस्त वाटणारा रकाना त्याला पुरत नाही आणि नाव मध्येच, प्रसंगी एखाद्या चिन्हाच्या मधोमध, तुटते. अशा अनुभवानंतर कारकून अथवा अभियंता रोमन नावाकडे वळला, तर त्याला दोष देता येणार नाही.

उच्चाराचा प्रश्न थोडक्यात आटोपता येतो. देवनागरी लेखन म्हणजे उच्चाराची हुबेहूब प्रतिमा, असा अभिमान मराठी भाषक बाळगतात. चिंचवड या नावातील पहिला च तालव्य आहे व दुसरा दंततालव्य. जेजुरीतील दोन ज यांचेही तसेच. लिपी हा भेद दाखवत नाही. त्यामुळे इन्स्पायरच्या रचनेत उच्चारासाठी ठेवलेला वेगळा रकाना मराठीलाही हवाच.

या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. नावांची एवढी यातायात कशासाठी, प्रत्येक गावाला क्रमांक द्यावा, म्हणजे देवघेव क्रमांकाने होईल, असे अभियंते म्हणतात. भारतात तसे क्रमांक आहेतही : जनगणनेचे आहेत, आणि पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचे आहेत. या निर्देशिकेत इंग्रजी नावाशेजारी स्थानिक भाषेतील नावासाठी रकाना ठेवला आहे, ही गोष्ट प्रशंसनीय होय. परंतु २००१ आणि २०११ या दोन जनगणनांत गावांच्या क्रमांकांची पद्धत एक नव्हती, आणि दोन निरनिराळ्या क्रमांकपद्धतींची गाठ घालताना अखेर नावाकडेच यावे लागते. सातबाऱ्याचा उतारा मराठीत असतो. जनगणनेची ग्रामयादी रोमनमध्ये. नकाशा तिसऱ्याच कोणाचा. या तिघांची सांगड घालणाऱ्यापुढे टी-ए-एल-ई या चार अक्षरांची आठ संभाव्य वाचने उभी राहतात आणि तो त्यांतील एक निवडतो. निवड चुकली तर एका गावच्या शेताचे नुकसान दुसऱ्या गावच्या खात्यावर मांडले जाण्याचा संभव असतो. क्रमांक कार्यालयाला पाठ असतो. अर्ज घेऊन येणारा माणूस गावाचे नावच सांगतो, आणि तेही बहुधा सामान्यरूपात.

मानकांच्या कर्त्यांना बोल लावताना विद्यापीठांकडेही पाहावे लागते. सामान्यरूपासाठी रकाना निर्माण झाला, तरी तो भरावयाचा कोणी? कोणते ग्रामनाम कोणत्या प्रत्ययापूर्वी कसे बदलते, याची जिल्हावार तपासलेली सूची नामकोशाच्या कामी येईल अशा स्वरूपात पुढे ठेवणे हे अभियंत्याचे काम नव्हे. नियमांनी बरेच सांगता येते; आकारान्त पुल्लिंगी व एकारान्त नपुंसकलिंगी नावे बहुधा नियमाने चालतात. पण नाशकात आणि नाशिकमध्ये यांपैकी कोण कोठे काय म्हणतो, आणि पैठणला व पैठणात यांत स्थानिकांचा कल कोणीकडे, हे नियम सांगत नाही. त्यासाठी त्या त्या तालुक्यात जाऊन ऐकावे लागते.